मी हजर होतो, असं झालं नाही

आमच्या गावच्या कमिटीत मेंबर नऊ होते, पण नुसतं ‘मेंबर’ म्हटलं की गावाला एकच माणूस समजायचा. बाकीच्या आठांना लोक शेटजी, वैद्यबुवा, इनामदार असं काहीबाही म्हणत. गावाचं नाव मी लिहीत नाही. भोर संस्थानातलं, वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीच्या अलीकडे लागणारं बाजाराचं गाव, एवढं पुरे. त्या आठांची नातवंडं अजून तिथं दुकानं चालवतात, आणि या वयात भांडायची हौस मला असली तरी दम राहिलेला नाही.

कमिटी म्हणजे गावची म्युनिसिपालटीच. दिवाबत्ती, रस्ते, विहिरी, केरकचरा आणि त्यावरचे नियम. मी तिचा एकुलता एक कारकून. गावठाणाबरोबर डोंगरातले चार धनगरवाडेही दरबारानं कमिटीच्या हद्दीत घातले होते. तिथं ना दिवा होता ना रस्ता. पट्टी तेवढी वसूल व्हायची. पण पट्टी घेतली म्हणून एक जागा द्यावी लागली, आणि त्या जागेवर मेंबर निवडून आले. जातीनं धनगर, राहायला गावाच्या कडेला, धंदा घोंगड्या विकायचा. बहिणीचा वाडा वर डोंगरात.

पहिल्या सभेला शिपायानं खुर्ची पुढं केली तर ती त्यांनी बाजूला सारली, खांद्यावरची घोंगडी जमिनीवर पसरली आणि तिच्यावर मांडी घातली.

अध्यक्षसाहेब दरबारचे पेन्शनर. अंगात बंद गळ्याचा कोट, बोलणं तोलूनमापून. ते म्हणाले, “अहो, वर बसा. सभेचा मान आहे.”

“न्हाई जी. खुर्चीत बसलं की मान आपसूक हालती. तुमा समद्यांची हालताना बघतोय की म्या.”

झालं! पहिल्याच दिवशी आठ जण दुखावले. मेंबरांना त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. तेरा वर्षं हा माणूस त्याच जागी, त्याच घोंगडीवर बसला. फरक इतकाच की शेवटची काही वर्षं ती जागा खिडकीच्या बाहेर होती. ते पुढं सांगतो.

मेंबरांचा खरा जाच होता तो वाचण्याचा. नियम असा होता की सभेचं इतिवृत्त सभासदांनी वाचून त्यावर सही करावी. बाकीचे आठ जण पानसुपारीचा हात धोतराला पुसत सही ठोकून मोकळे व्हायचे. मेंबर दप्तर मांडीवर घ्यायचे, तर्जनी पहिल्या अक्षराखाली ठेवायचे आणि मोठ्यानं वाचायला लागायचे. एकेक अक्षर. मध्येच बोट थांबायचं, मागं जायचं, पुन्हा पुढं यायचं. दोन पानांना तास लागायचा, आणि ते वाचून होईपर्यंत सभा संपली असं म्हणता यायचं नाही. त्यात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्यांना खपत नसे. उठायचे, काचेचं दार उघडायचे आणि लंबक हातानं धरून थांबवायचे.

“ह्याला लई घाई हाय,” म्हणायचे.

वाचन संपलं की लंबकाला स्वतःच झोका देऊन निघून जायचे. घड्याळ पुन्हा लावायचं काम माझं. मी अंदाजानं लावायचो. आमच्या कचेरीचं घड्याळ मंगळवारच्या सभेनंतर अर्धापाऊण तास मागं असतं हे सगळ्या गावाला पाठ होतं.

एकदा मी वैतागून विचारलं, “मेंबर, तुम्हाला वाचून दाखवायला मी आहे ना? कशाला डोळे शिणवता?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “भाऊसाहेब, आमच्या बापानं एका कागदावर अंगठा दिला आन् आमचं कुरण ग्येलं. त्यो कागद बापाला वाचून दाखवला हुता बरं का! पर वाचणारा घाईत हुता.”

त्यानंतर, तिशी उलटल्यावर, त्यांनी शाळेच्या मास्तरांना दोन चांगल्या घोंगड्या दिल्या आणि पोरांच्या मागं बसून अक्षरं गिरवली. वाड्यावर गेले की सगळ्यांना बजावायचे, “बोल्ल्यालं वाऱ्यावर जातं. लिवल्यालं तेवढंच खरं. कागद बघा, मानूस बघू नका.” डोंगरातल्या बायाबापड्यांना हे पाठ झालं होतं. त्यांच्या बहिणीला तर जास्तच. आक्का म्हणायचे तिला सगळे. मेंबरांहून थोरली, नवऱ्यामागं साठसत्तर शेरडंमेंढरं आणि सात म्हशी एकटीनं सांभाळणारी, बाजाराच्या दिवशी तुपाचं मडकं डोक्यावर घेऊन उतरणारी बाई.

मेंबर नुसते आडमुठे होते असं कुणी समजू नये. डोकं फार चालायचं. एकदा नियम करायचा होता की रस्त्यावर ज्याचं जनावर घाण करील त्याला दंड. मसुद्यात गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी अशी यादी होती. मेंबरांचं बोट यादीवरून गेलं, परत मागं आलं.

“घोडं कुठंय?”

“घोडा कशाला?” अध्यक्ष म्हणाले. गावात घोडा एकच होता, त्यांच्या टांग्याचा.

“न्हाई, इचारतो आपला. दरबारी घोडं हागत न्हाई व्हय?”

वैद्यबुवांना इतकं हसू आलं की त्यांची पानाची पिंक कोटावर आली. तो नियम तिथंच मेला.

आता माझं पाप सांगतो. सांगायला बसलोय ते त्यासाठीच.

सभा मंगळवारी दुपारी भरायची आणि भोरला जाणारं टपाल मंगळवारी सकाळीच निघायचं. ते चुकलं की आठवडा गेला. मग अध्यक्षांनी माझ्या आधीच्या कारकुनाच्या काळापासून एक रीत घातली होती. सभेचं इतिवृत्त सोमवारीच लिहून काढायचं, नक्कल सकाळच्या टपालानं भोरला धाडायची, आणि दुपारी सभा भरली की सगळ्यांनी मूळ दप्तरावर सही करायची. ठराव कोण मांडतो, अनुमोदन कोण देतो, सगळं मी आदल्या दिवशी लिहून ठेवायचो. मांडणारे नेहमी इनामदार. अनुमोदनाला बाकीच्यांची पाळी लावलेली होती, भिंतीवरच्या यादीच्या क्रमानं. एकाचं झालं की दुसरा. शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. आपण लिहितो ते अजून घडायचं आहे, ही गोष्ट महिन्यादोन महिन्यांत माझ्या डोक्यातूनच गेली.

मेंबरांच्या डोक्यातून नाही गेली. ते अक्षरावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “शाई कालची हाय.” मग सहीच्या वर, शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरात, एक ओळ लिहायचे. मी हजर होतो. असं झालं नाही. त्याखाली सही. सहीच्या वर काही लिहू नये असा नियम नव्हता, त्यामुळं अध्यक्ष नुसते दात चावत बसायचे. भोरला गेलेल्या नकलेत ती ओळ अर्थातच नसायची. दप्तरात मात्र पानोपानी आहे.

गावाच्या वेशीपाशी एक विहीर आणि तिला लागून दगडी डोण होती. डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायची लांबलचक कुंडी, एकाच दगडात कोरलेली. होळी झाली की डोंगरातले झरे आटायचे आणि चारी वाड्यांची जनावरं रोज खाली उतरून त्या डोणीवर पाणी प्यायची. नदी तिथून सव्वा कोस. डोंगर उतरून आलेल्या गाभण म्हशीला पुढं सव्वा कोस चालवणं म्हणजे तिला मारणंच. आणि ही डोण रस्त्यात दोन हात पुढं आलेली होती. त्या वर्षी गड बघायला निघालेले दरबारचे कुणी पाहुणे मोटारीतून आले आणि म्हशी पाणी पिऊन हलेपर्यंत अर्धा तास उन्हात खोळंबले. अध्यक्षांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्ता सरळ करण्यासाठी डोण फोडून टाकावी, असा ठराव त्यांनी मला तोंडी सांगितला.

सोमवारी मी तो लिहिला. मांडणार इनामदार. अनुमोदन कुणाचं म्हणून भिंतीवर पाहिलं आणि पाळी ज्याची होती त्याचं नाव घातलं. पाळी मेंबरांची होती. शपथेवर सांगतो, नाव लिहिताना मला काही खटकलंसुद्धा नाही. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा मी यादीभोवती फिरत होतो.

आणि नेमके त्या मंगळवारी मेंबर सभेला नव्हते. तिकडं उत्रोलीच्या अंगाला घोंगड्या विकायला गेले होते. बाकीच्यांनी सह्या केल्या, पानं खाल्ली, उठले.

पंधराएक दिवसांत भोरहून मंजुरी आली आणि तिच्यामागोमाग ओव्हरसियर, चार पाथरवट बरोबर घेऊन. भोरच्या माणसाला आमच्या बाजाराचा वार काय ठाऊक असणार! शनिवारी भरबाजारात, डोणीवर जनावरांची रीघ लागलेली असताना, त्यानं पहिला घण घालायला लावला. डोणीच्या काठाचा हातभर टवका उडाला आणि पाणी रस्त्यावर वाहून गेलं. धनगर मंडळी धावली. ओव्हरसियरनं शांतपणे कागद काढला.

“माझ्यावर कशाला ओरडता? तुमच्याच मेंबरनं अनुमोदन दिलंय.”

आक्का पुढं झाली. डोक्यावर तुपाचं मडकं तसंच. “अनुमोदन म्हंजी वं काय?”

“म्हणजे हो म्हणाला तो. फोडा म्हणाला.”

तेवढ्यात मेंबर आले. गर्दी बाजूला सरली. मी आणि अध्यक्ष कचेरीतून धावत तिथं पोहोचलो होतो. मेंबरांनी कागद मागितला, घोंगडी ओल्या मातीत पसरली, तिच्यावर बसले आणि वाचायला लागले. मोठ्यानं, बोट लावून. सगळा बाजार भोवती उभा. म्हशी फुरफुरत होत्या. ‘सूचक’ झालं, इनामदारांचं नाव झालं, ‘अनुमोदक’ झालं आणि बोट थांबलं. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. बोट मागं नेलं आणि पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

“त्या मंगळवारी म्या हितं नव्हतो. उत्रोलीकडं हुतो,” ते म्हणाले.

“पर लिवल्यालं हाय न्हवं?” आक्का म्हणाली.

“हाय.”

“लिवल्यालं तेवढंच खरं, आसं तूच सांगतूस. मंग आता कागद बघू का तुला बघू?”

इतकी वर्षं ज्या ओळीनं त्यांनी कमिटीला जेरीस आणलं ती ओळ इथं त्यांना लिहिता येत नव्हती, कारण ते हजरच नव्हते. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं.

“भाऊसाहेब, हे कुनी लिवलं? कवा लिवलं?”

एक वाक्य बोलायचं होतं मला. मी लिहिलं, सोमवारी लिहिलं, यांना न विचारता लिहिलं. बस्स. अध्यक्ष माझ्या शेजारी उभे होते आणि माझ्या घरी सहा तोंडं होती. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो. लाज वाटते लिहायला, पण राहिलो.

मेंबरांनी वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. हात कुनाचा का आसंना, कागद कमिटीचा हाय. मोडायचा तर कमिटीच मोडंल. सभा घ्या.”

“सभा कचेरीत होत असते,” अध्यक्ष म्हणाले.

“कुठं लिवलंय?”

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. सभा कुठं घ्यावी याचा नियम खरंच नव्हता. आणि बाजाराचा दिवस असल्यानं नवापैकी सात मेंबर तिथंच होते, आपापल्या दुकानात नाहीतर दुकानासमोर. मेंबरांनी प्रत्येकाला नावानं हाक मारली. “या शेटजी. वैद्यबुवा, या. आज वाचायचं न्हाई, नुसता हात वर करायचाय.”

बघे पांगेनात. धनगरांच्या बाया मडकी उतरवून ओळीनं उभ्या राहिल्या. शेटजींच्या दुकानातलं तूप, इनामदारांच्या घरची लोकर, वैद्यबुवांच्या मुळ्या आणि मध, सगळं याच बाया डोंगरावरून आणत होत्या. अध्यक्षांनी कपाळाचा घाम पुसला आणि डोण फोडावी असं ज्यांचं मत असेल त्यांना हात वर करायला सांगितलं. दोन हात वर झाले. एक त्यांचा स्वतःचा आणि एक त्यांच्या व्याह्यांचा. ज्यांनी ठराव ‘मांडला’ होता ते इनामदार पागोटं सावरण्यात गुंतले होते.

“लिवा भाऊसाहेब,” मेंबर म्हणाले. “आता, हितं, समद्यांच्या म्होरं.”

मी लिहिलं. त्या दप्तरातली माझ्या हातची पहिली खरी सभा. मेंबरांनी ती वाचली आणि वर काही न लिहिता सही केली.

डोण वाचली. तुटलेला काठ दुरुस्त करायला पाथरवट तयार होता, तर मेंबरांनी करू दिला नाही. “ऱ्हाऊ दे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे,” म्हणाले.

पण आधीचं पान तसंच राहिलं. अध्यक्ष म्हणाले, एकदा भोरला गेलेली नक्कल परत येत नसते. पुढच्या निवडणुकीला दरबारानं मेंबरांचा अर्ज कारण न देता नामंजूर केला. त्यानं त्यांना काय फरक पडणार! दर मंगळवारी ते यायचे, कचेरीच्या ओसरीवर खिडकीखाली घोंगडी अंथरायचे आणि सभा संपली की आतला लंबक थांबवायला मला सांगायचे. मग गजांतून दप्तर बाहेर घ्यायचे आणि वाचायचे. सही करायचा हक्क गेला होता, वाचायचा गेला नव्हता. मी त्या शनिवारनंतर सभेआधी कधी लिहिलं नाही. टपाल चुकलं तर चुकलं, अध्यक्षांनी बोलायचं ते बोलून घेतलं. पण माझ्यात धीर आला तो एवढाच.

आक्कानं मात्र त्या दिवसापासून भावाच्या हातचं पाणी घेतलं नाही आणि त्याला दिलंही नाही. डोण फुटली नाही हे ती डोळ्यांनी बघत होती, रोज म्हशी पाजत होती. पण भावानं आधी हो म्हटलं आणि लोक जमल्यावर फिरला, असं तिच्या मनानं घेतलं. कागदावर होतं ना! मेंबर दर दसऱ्याला वर वाड्यावर जायचे, अंगणाच्या कडेला बसायचे, कुणी पाणी विचारायचं नाही, मग उठून यायचे. खाली आले की डोणीजवळच्या विहिरीवर ओंजळीनं पाणी प्यायचे, खूप वेळ. माझ्या टेबलावरून ते दिसायचं. मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग संस्थान विलीन झालं. आमची कमिटीही नव्या सरकारात गेली आणि सगळी दप्तरं मोजून भोरला पोचती करायचा हुकूम आला. मी धूळ झटकत एकेक बांधत होतो. ते दप्तर हाती आलं आणि उघडलं तर नेमकं तेच पान. अध्यक्ष वारून चार वर्षं झाली होती. आता मला कुणाची भीती होती? खरं तर तेव्हाही किती होती कोण जाणे! मी टाक घेतला आणि अनुमोदकाच्या नावाखाली लिहिलं: हे मी लिहिलं. सभेच्या आदल्या दिवशी, मनानं लिहिलं. हे गृहस्थ सभेला नव्हते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. खाली सही केली आणि दप्तर काखोटीला मारून तडक मेंबरांच्या घरी गेलो.

ते दारात बसले होते. साठी उलटलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी पान उघडून पुढं ठेवलं. त्यांनी तर्जनी पहिल्या अक्षराखाली ठेवली. मी आयुष्यात इतका वेळ कधी उभा राहिलो नाही. शेवटच्या अक्षरावर बोट फिरवून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. बोटाला काळं लागलं होतं.

“शाई आजची हाय,” ते म्हणाले.

“हो.”

“टाक द्या.”

माझ्या सहीखाली त्यांनी लिहिलं. अक्षर तेच, गोल. मी हजर आहे. असं झालं. मग उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि दप्तर उचललं.

“अहो मेंबर, सरकारी दप्तर आहे ते! संध्याकाळी गाडी भरायची आहे.”

“मंग सरकारलाबी चढू दे की जरा डोंगर,” म्हणाले आणि चालू लागले. मी मागं.

वाड्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आक्का अंगणात ताक घुसळत होती. पार वाळून गेली होती, पण रवीचा हात तोच. आम्हाला पाहून तिनं रवी थांबवली. मी दप्तर उघडलं आणि वाचायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

“तू न्हाई. त्यो वाचंल. सावकाश.”

मेंबर खाली बसले आणि वाचायला लागले, बोट लावून. जुना ठराव, स्वतःचं नाव, मग माझ्या ओळी. तिनं मधे एकदा थांबवलं आणि माझी ओळ परत वाचायला लावली. वाचून झाल्यावर भावाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

“आन् इतकी वर्सं कुठं हुतास रं?”

मी मान खाली घातली. मातीच दिसली मला, त्या शनिवारी दिसली होती तशी.

ती आत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली. भावासमोर बसून तो त्याच्या हातात दिला. मेंबर प्यायले. निम्मं दाढीवरून गळत होतं, पण तांब्या खाली येईना. तो रिकामा झाल्यावर तिनं पुन्हा भरून आणला, तोही त्यांनाच दिला.

माझा घसा कोरडा पडला होता. पाण्यासाठी मला तिनं बराच वेळ थांबवलं.